झेनोगियर्सची दुसरी डिस्क, म्हणजे खुर्चीत बसून उरकलेला गेम

माझा आतेभाऊ 1998 च्या हिवाळ्यात न्यू जर्सीत शाळेत होता आणि त्याने तिथे झेनोगियर्स विकत घेतला होता, पहिल्या प्लेस्टेशनवरचा, दोन डिस्कचा. पहिली डिस्क त्याने अभ्यास बुडवून दीडेक महिन्यात संपवली, दुसरी टाकली, आणि थोड्याच वेळात हिरो एका खुर्चीत येऊन बसला, आजूबाजूला काळोख, मागे एक लॉकेट घड्याळाच्या लंबकासारखं झुलतंय, आणि हा सांगायला लागला की मग आम्ही अमक्या ठिकाणी गेलो, मग तमुक झालं, मग त्याने असं केलं. दादाला वाटलं डिस्क खराब निघाली. खरंच. त्याने ती काढून टीशर्टला पुसली, परत टाकली, तर परत तीच खुर्ची. मग वैतागून त्याने गेम कपाटात टाकला तो टाकलाच.

मी तोच गेम 2013 मध्ये पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, खेळलो. 2011 ला तो अमेरिकन प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोडला आला होता आणि दादाच्याच अकाउंटवरून मला मिळाला. डोंबिवली ते सीएसटी रोजचं जाणंयेणं, त्यात 58 तास गेले, आणि मी शेवटपर्यंत गेलो. तेव्हापासून आमच्या दोघांत हा वाद चालू आहे की ही दुसरी डिस्क म्हणजे फसवणूक होती की शहाणपणा. म्हटलं एकदा नीट लिहून काढावं, कारण या एका गेमची बलस्थानं आणि दुखणी एवढी एकमेकांत गुंतलेली आहेत की नुसतं 'भारी आहे' किंवा 'बोर आहे' म्हणून भागत नाही. स्पॉयलर भरपूर आहेत, पण गेम 1998 चा आहे, आता काय लपवायचं.

आधी पार्श्वभूमी. तेत्सुया ताकाहाशी हा स्क्वेअर या जपानी गेम कंपनीत ग्राफिक्सवाला माणूस, कंपनीच्या फायनल फँटसी या गेम-मालिकेच्या चौथ्या-पाचव्या-सहाव्या भागांवर आणि क्रोनो ट्रिगर या गेमवर काम केलेला. त्याची बायको काओरी तानाका (सोराया सागा या नावाने ओळखली जाते) तीही तिथेच. या दोघांनी मिळून एक कथा लिहिली आणि ती फायनल फँटसी सातसाठी दिली. कंपनीने सांगितलं, फारच काळी आणि किचकट आहे, फायनल फँटसीला नाही चालायची, पण वेगळा प्रोजेक्ट म्हणून करा. मध्ये काही काळ ती क्रोनो ट्रिगरचा पुढचा भाग होणार अशीही चर्चा होती, तेही नाही झालं. शेवटी फेब्रुवारी 1998 मध्ये जपानात झेनोगियर्स आला, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत. युरोपात तर अधिकृतपणे आलाच नाही. आणि गंमत बघा, 1997 च्या फायनल फँटसी सातमध्ये त्यातला हिरो क्लाउड व्हीलचेअरवर बसून काहीबाही बरळत असतो तेव्हा त्या बरळण्यात झेनोगियर्सचं नाव येऊन जातं. म्हणजे हा गेम बाजारात यायच्या वर्षभर आधीच त्याची जाहिरात एका खुर्चीतून झाली होती, योगायोगच म्हणायचा.

ताकाहाशीचा डायरेक्टर म्हणून हा पहिलाच गेम. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता चांगलं काय ते सांगतो, आणि त्यासाठी सुरुवातीचा पहिला तासच पुरतो. लाहान नावाचं छोटं गाव. फेई नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, हाच आपला हिरो, तिथे चित्रं काढत बसलेला असतो, तीन वर्षांपूर्वी कुणीतरी मुखवटेवाला माणूस त्याला जखमी अवस्थेत या गावात सोडून गेला, त्याआधीचं त्याला काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोस्ताचं, टिमोथीचं, लग्न आहे अ‍ॅलिसशी. तुम्ही गावात हिंडता, लोकांशी गप्पा मारता, अ‍ॅलिसचा धाकटा भाऊ डॅन मागे मागे करतो, मग लग्नातल्या फोटोंसाठी कॅमेरा आणायला डोंगरावर डॉक्टर सितानच्या घरी जाता. इथपर्यंत कसली घाई नाही. परत येता तर आभाळातून गियर, म्हणजे माणूस आत बसून चालवतो ते राक्षसी यंत्र, गावात उतरलेले असतात आणि मारामारी चालू. फेई एका रिकाम्या गियरमध्ये चढतो, गाव वाचवायला. टिमोथीला त्याच्या डोळ्यांसमोर गोळ्या घालतात, फेईचा ताबा सुटतो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा गाव उरलेलं नसतं. शत्रूने नाही उडवलेलं, त्यानेच. आणि डॅन त्याच्याकडे बघून त्याला खुनी म्हणतो. पीएसपीच्या तेवढ्याशा स्क्रीनवर, ठिपक्याठिपक्यांचं ते पोरगं, चेहरासुद्धा नीट दिसत नाही त्याचा, आणि मला ठाणं गेलेलं कळलं नाही.

हे जमतं कारण गेमने आधी तासभर तुम्हाला त्या गावात रिकामटेकडं फिरू दिलेलं असतं. घरात घुसा, मडकी बघा, कुणाच्या तरी सासूच्या तक्रारी ऐका. जपानी आरपीजीची, म्हणजे रोल-प्लेइंग गेमची, सगळी ताकद या रिकामपणात असते असं माझं मत आहे, कथेपेक्षाही जास्त. कथा तर कुणीही सांगेल. पण एखाद्या जागेत पाय दुखेस्तोवर फिरल्यावर ती जागा गेली की जे वाटतं ते फक्त खेळूनच वाटतं.

मग पहिल्या डिस्कवर हे असं पन्नासेक तास चालतं. आवे आणि किस्लेव या दोन देशांचं कधीपासूनचं ते युद्ध, वाळूत जहाज चालवणारा एकडोळ्या बार्ट, चर्चच्या नावाखाली जुन्या यंत्रांचा व्यापार करणारे लोक, आणि या सगळ्यांना वरून नाचवणारं सोलारिस नावाचं साम्राज्य. सोलारिसमध्ये एक जागा आहे जिथे फेई आणि गेमची नायिका एली भूक लागली म्हणून डब्यातलं मांस खातात आणि नंतर सितान त्यांना तो कारखाना दाखवतो जिथे ते मांस बनतं, आणि ते कशाचं आहे ते. माणसांचं. एवढं होऊनही गेम आरडाओरडा करत नाही, भडक संगीत नाही, दोन वाक्यं आणि पुढे. फ्रॉइड, युंग, ख्रिस्ती पंथांतल्या जुन्या गूढ कल्पना, पुनर्जन्म, सगळं यात कोंबलंय आणि बऱ्याचदा ते पेलतंसुद्धा. पुनर्जन्माचं म्हणाल तर आपल्याला ते कळायला वेळच लागत नाही, तिकडचे समीक्षक परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात, आपण म्हणतो हां, मागच्या जन्माचं देणं आहे, पुढे बोला.

लढाईसुद्धा मस्त आहे, निदान कल्पनेत. पायी लढताना त्रिकोणाचं बटण म्हणजे हलका फटका, चौकोन मध्यम, फुली जोरदार, खर्च अनुक्रमे एक-दोन-तीन पॉइंट, आणि ठरावीक क्रमाने दाबत राहिलं की नवीन डाव शिकता येतात. गियरमध्ये बसलं की हिशेबच बदलतो, तिथे इंधन. प्रत्येक फटक्याला इंधन जातं, बूस्टर लावला की वेग वाढतो पण दर पाळीला इंधन गळतं, आणि संपलं की थांबून भरत बसा तोपर्यंत समोरचा तुम्हाला बडवतो. ज्याने महिन्याच्या 25 तारखेला स्कूटर रिझर्व्हवर चालवलीय त्याला ही सिस्टिम पहिल्या मिनिटात कळते. प्रॉब्लेम असा की गियरची ताकद मुख्यतः दुकानातून घेतलेल्या इंजिन-चिलखतावर ठरते, त्यामुळे पायी कितीही लेव्हल वाढवा, नवीन गावात पोचलात की पहिलं काम खिसा रिकामा करणं. सोपं होऊन जातं. दुकानात नवीन माल आला की जिंकलात, नाही आला की हरलात.

संगीत यासुनोरी मित्सुदाचं, क्रोनो ट्रिगरवाला. आयरिश वळणाचं, बासरी, हार्प, आणि शेवटी जोआन हॉगच्या आवाजातलं गाणं. यावर माझी एकच तक्रार, की एवढ्या लांब गेमला चाली कमी पडतात, त्याच त्या परत येतात आणि काही मोठे सीन नुसत्या शांततेत जातात. काही ठिकाणी ती शांतता मुद्दाम वाटते, काही ठिकाणी वाटतं की अरे इथे लावायला काही उरलंच नव्हतं का.

आणि आता दुखणं.

पहिलं दुखणं छोटं, पण लोकलमध्ये खेळणाऱ्याला मोठं. संवाद टप टप एकेक अक्षर येतात, घाई करता येत नाही, सीन वगळता येत नाही, आणि सेव्ह करायचं तर ठरावीक जागीच किंवा मोकळ्या नकाशावर. मुंब्र्याला सुरू झालेला सीन भायखळ्यापर्यंत चालू. पीएसपीला झोपवायचं बटण नसतं तर मी हा गेम कधीच संपवला नसता. इंग्रजी संवाद पण जागोजागी लाकडी आहेत. पण त्यात भाषांतरकाराला फार दोष देववत नाही, रिचर्ड हनीवूड नावाच्या माणसाने हे काम ओढत नेलं, बरोबरचे भाषांतरकार वैतागून सोडून गेले, आणि मजकूर तर असला की प्रत्येक तिसऱ्या ओळीत देव, आत्मा, यंत्र आणि मनोविश्लेषण.

दुसरं दुखणं बाबेलचा टॉवर. ज्यांनी खेळलाय त्यांना नुसतं नाव पुरे. उंचच उंच पोकळ टॉवर, एका लोखंडी फळीवरून दुसरीवर उड्या मारत वर चढायचं. कॅमेरा तुम्हाला हाताने फिरवावा लागतो, कडा नीट दिसत नाही, आणि वर हा गेम अचानक लढाई सुरू करणारा, म्हणजे तुम्ही पळत आलात, उडीचं बटण दाबलंत, त्याच क्षणी लढाई लागली, लढाई संपल्यावर उडी गायब आणि तुम्ही धाडकन खाली. माझे दोन दिवस गेले त्यात, जाताना आणि येताना, चार फेऱ्या. शेजारचे काका एकदा म्हणाले, अरे किती वेळा पडतोयस.

आणि तिसरं म्हणजे ती खुर्ची.

वर्षानुवर्षं फॅन लोकांत एक कहाणी फिरत होती की स्क्वेअरने पैसा आणि माणसं फायनल फँटसी आठकडे वळवली आणि बिचारा झेनोगियर्स अर्ध्यात उपाशी राहिला. ऐकायला छान, व्हिलन पण तयार. पण ताकाहाशीने 2017 साली एका मुलाखतीत जे सांगितलं ते फार साधं निघालं. टीममध्ये बरीच मंडळी नवीन होती, थ्रीडी सगळ्यांना शिकत शिकत करायचं होतं, हातात वेळ होता जेमतेम दोन वर्षं, आणि एका टप्प्यावर कळलं की ठरलेल्या वेळेत हे संपत नाही. तेव्हा एक पर्याय असा होता की पहिल्या डिस्कवर जिथपर्यंत आलंय तिथेच गेम संपवायचा. ताकाहाशीने दुसरा रस्ता काढला, दुसरी डिस्क या अशा सांगण्याच्या पद्धतीने करू, म्हणजे आहे त्या टीममध्ये, आहे त्या वेळात कथा तरी पुरी होईल.

म्हणजे फसवणूक नाही, नाइलाज. पण नाइलाज आला कुठून ते बघण्यासारखं आहे. फायनल फँटसी सातमध्ये मागचं दृश्य म्हणजे आधी बनवून ठेवलेलं चित्र आणि त्यावर थ्रीडी माणसं फिरतात. झेनोगियर्सने बरोब्बर उलटं केलं, माणसं सपाट ठिपक्यांची आणि गाव सगळं थ्रीडी, चारी बाजूंनी कॅमेरा फिरवता येईल असं. त्यामुळेच लाहान खरं वाटतं, तुम्ही घराच्या मागे जाऊन बघू शकता. आणि त्यामुळेच प्रत्येक गाव, प्रत्येक गटार, प्रत्येक फळी कुणीतरी नव्याने शिकलेल्या पोराने बसून बनवावी लागली. ज्या गोष्टीमुळे पहिला तास छातीत बसतो तीच वेळ खाऊन गेली. यावर दादा म्हणतो की मग आधी हिशेब करायला काय झालं होतं, आणि इथे माझ्याकडे उत्तर नसतं, एवढंच की पहिलाच गेम करणारा माणूस, घरात बायकोबरोबर लिहिलेली कथा, त्यातलं कुठलं पान फाडायचं हे त्यालाच विचारल्यावर तो काय सांगणार.

पण मला वाटतं लोक खुर्चीवर एकत्र राग काढतात तिथे चुकतात, कारण खुर्ची सगळीकडे सारखी फसलेली नाही. फेईच्या आत आणखी माणसं आहेत, एक इड, जो गावं उडवतो, आणि एक भित्रा, ज्याने आईच्या चांगल्या आठवणी स्वतःपाशी दाबून ठेवल्यात आणि बाकीच्यांच्या वाट्याला फक्त यातना दिल्यात. लहानपणी आईच्या शरीरात दुसरंच कुणीतरी जागं झालं, पोरावर प्रयोग झाले, आणि तेवढ्याने हे पोरगं फुटलं. हा सगळा उलगडा दुसऱ्या डिस्कवर होतो, आणि तो खुर्चीतूनच व्हायला हवा होता. काळोख, एक माणूस बसलेला, झुलणारं लॉकेट, तो आपल्याबद्दल बोलतोय. फ्रॉइडच्या दवाखान्यात दुसरं काय होतं? वीस खोल्यांची गुहा बनवून, मध्ये मध्ये वटवाघळं मारायला लावून हे सांगितलं असतं तर पचका झाला असता. हा भाग मी सलग दोन वेळा पाहिला, आणि दुसऱ्यांदा पाहताना डॅनचं ते खुनी म्हणणं आठवलं, कारण आता कळतं की गाव उडवणारा कोण होता आणि त्याचं पण एक पोरपण होतं.

फसते ती दुसरीकडे. आभाळातल्या शहरावर हल्ला झाला, अर्धी मानवजात राक्षसांत बदलली, सोबत्यांचे गियर गोल्गोथासारख्या टेकडीवर क्रूसावर टांगले, हे सगळं जेव्हा चार वाक्यांत येतं तेव्हा वाटतं की अरे हे मला करायचं होतं, ऐकायचं नव्हतं. लाहानमध्ये मी एक तास फिरलो तेव्हा ते जळलं. इथे जग जळतं आणि मी बटण दाबून पुढचं वाक्य आणतोय. त्यात कहर म्हणजे मधूनच एखादी गुहा आणि एखादा मोठा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा तगडा शत्रू, खेळायला देतात, म्हणजे काटलं काय तर फिरणं, गप्पा, दुकानं, गावं, आणि ठेवलं काय तर मारामारी. माझ्या मते उलटं करायला हवं होतं. चार बॉस खुर्चीतून सांगा चालेल, "मग आम्ही त्याला हरवला", ठीक आहे, त्यात काय पाहायचंय. पण एक गाव द्या. राक्षस झालेल्या माणसांचं एकच गाव, अर्धा तास हिंडायला. आणि वेळ नव्हता म्हणता तर किस्लेवच्या गटारांत आणि बाबेलच्या फळ्यांवर जो वेळ गेला तो कुठून आला?

इथे मला नेहमी गावाकडचा रात्रीचा तमाशा आठवतो. गण, गवळण, बतावणी ऐसपैस रंगते, आणि वग सुरू होईपर्यंत दहा वाजत येतात, स्पीकर बंद करायची वेळ. मग राजा, प्रधान, राणी, सूड, सगळं पंधरा मिनिटांत. लोक शिव्या घालत उठतात, पण पुढच्या वर्षी परत येतात.

ताकाहाशीच्या बाबतीत परत यायची वेळ नेमकी अशीच आली. गेमच्या शेवटी स्क्रीनवर येतं की हा पाचवा भाग होता. पाचवा! बाकीचे कुठे आहेत तर एका जाड पुस्तकात, 1998 लाच जपानात निघालेल्या, ज्यात सहा भागांचा अख्खा इतिहास मांडलाय. ते बाकीचे भाग कधी बनलेच नाहीत. ताकाहाशीने स्क्वेअर सोडलं, ऑक्टोबर 1999 मध्ये मोनोलिथ सॉफ्ट काढली, तिथे नामको या दुसऱ्या गेम कंपनीच्या पैशावर झेनोसागा सुरू केला, परत सहा भागांचा बेत, परत निम्म्यावर, 2002 ते 2006 मध्ये तीन भाग आणि बास. म्हणजे माणूस शिकला नाही. 2007 मध्ये निन्टेन्डोने कंपनी घेतली आणि 2010 ला झेनोब्लेड आला, तो मात्र पुरा, सुरुवात-मध्य-शेवट सगळं जागच्या जागी, आणि दोन मेलेल्या अवाढव्य राक्षसांच्या अंगावर लोक राहतात हे सांगायला कुणी खुर्चीत बसत नाही, तुम्ही स्वतः त्याच्या गुडघ्यावरून मांडीवर चालत जाता. मग 2015 ला झेनोब्लेड एक्स, त्यात उलटंच गाऱ्हाणं, जग एवढं मोठं की फिरता फिरता वर्ष जाईल आणि कथा मात्र पातळ. माझ्या एका मित्राला तोच जास्त आवडतो. आमचं जमत नाही.

मागच्या दिवाळीत दादा आला होता. जेवणं झाल्यावर बाल्कनीत बसलो आणि विषय निघालाच. म्हणाला, पुढे काय झालं ते सांग तरी एकदा, मी काय आता खेळणार नाही. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो आणि सुरुवात केली, सोलारिस पडलं, मग फेई जखमी, मग एली, मग खलनायक क्रेलियन, मग ते आईचं. दोन तास गेले. आत्या दोनदा येऊन चहा ठेवून गेली. तो मध्ये एकदाही बोलला नाही, आईच्या ठिकाणी तर सिगारेट विझलेली पण कळली नाही त्याला. संपल्यावर जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "हे सगळं ठीक आहे रे, पण मग तो टॉवर कशाला ठेवला होता?"